अँटीव्हायरस बदलला आणि कॉम्प्युटर बसला: काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

घरच्या कॉम्प्युटरवरचा अँटीव्हायरस बदलला किंवा त्याचं नवं व्हर्जन टाकलं की ज्या तक्रारी सुरू होतात त्या वरवर निरनिराळ्या दिसतात. कुणाचा पीसी संथ होतो, कुणाचं नेट जातं, कुणाला जुन्या कंपनीचे संदेश येतच राहतात. बहुतेकांचं मूळ मात्र एकच असतं: नवा टाकायची घाई झालेली असते आणि जुना नीट निघालेला नसतो.

इंदूरच्या मराठी घरांत हे हमखास कसं घडतं ते बघा. कॉम्प्युटर काही वर्षांपूर्वी सिल्व्हर मॉलमधून असेंबल करून आणलेला. दुकानदाराने तेव्हाच एक अँटीव्हायरस टाकून दिलेला. तो संपल्यावर पुण्याला किंवा बंगळूरला असलेल्या मुलाने ऑनलाइन दुसऱ्याच कंपनीची लायसन्स की घेऊन व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि इकडे बाबांनी ती जुन्याच्या डोक्यावर टाकली. आठवडाभरात पीसी रांगायला लागतो, मग दुकानात नेल्यावर ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, "भैया, फॉरमॅट मारना पड़ेगा." फॉरमॅट हा खालच्या क्रमातला अगदी शेवटचा उपाय आहे. त्याआधी घरबसल्या, बिनपैशात करण्यासारखं बरंच आहे.

सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे; मेनूंची नावं ११ मधली आहेत, १० मध्ये काही थोडी वेगळी दिसतील. विंडोज ७ अजून वापरणाऱ्यांसाठी खाली वेगळा परिच्छेद आहे.

लक्षणं

यातलं एक जरी जुळत असेल तरी पुढे वाचा:

- जुना अँटीव्हायरस काढला, तरी "तुमची मुदत संपली, लगेच रिन्यू करा" असे संदेश कोपऱ्यात येत राहतात.
- नव्याचं इन्स्टॉलेशन अर्ध्यावर थांबतं, "दुसरा अँटीव्हायरस सापडला" म्हणतं आणि सगळं मागे घेतं.
- फाइल उघडायला, पेनड्राइव्ह वाचायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो. पंखा सतत घोंघावतो.
- नेट जोडलेलं दिसतं पण साइट उघडत नाहीत. किंवा बाकी सगळं उघडतं, फक्त बँकेच्या साइटवर सर्टिफिकेटची तक्रार येते.
- विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, म्हणजे डिफेंडर, चालूच होत नाही; पान कोरं दिसतं किंवा "हे सेटिंग अॅडमिनिस्ट्रेटर सांभाळतो" असं लिहून येतं.
- प्रिंटर, टॅली किंवा डिजिटल सिग्नेचरचं टोकन कालपर्यंत चालत होतं, आज चालत नाही.

आधी हे ठरवा: संदेश नक्की कुणाचा आहे?

एका मिनिटाची तपासणी आहे, पण ती सोडून लोक थेट पैसे भरतात. मॅकॅफी, नॉर्टन अशा ओळखीच्या नावांनी येणारे "पाच व्हायरस सापडले" छापाचे संदेश पुष्कळदा त्या कंपन्यांचे नसतातच. कधीतरी फुकट सिनेमाच्या किंवा गाणी उतरवण्याच्या साइटवर "अलाऊ" दाबलं गेलेलं असतं आणि ती साइट ब्राउझरच्या आडून सूचना पाठवत असते.

ओळखायची खूण सोपी आहे. उजव्या कोपऱ्यात चौकट आली की तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. तिथे गूगल क्रोम किंवा एजचं नाव आणि सोबत कुठल्यातरी अनोळखी साइटचा पत्ता असेल, तर तो अँटीव्हायरस नव्हे. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल; ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढून टाका. एजमध्ये सेटिंग्जच्या शोधचौकटीत नोटिफिकेशन्स टाइप केलं की तशीच यादी मिळते.

पूर्ण पडदा व्यापणारं लाल पान आलं, भोंगा वाजायला लागला आणि फोन नंबर दिसला, तर त्या नंबरवर अजिबात फोन करू नका. अल्ट आणि एफ४ दाबून खिडकी बंद करा. नाही झाली तर टास्क मॅनेजरमधून (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून) ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना "जुनी पानं परत आणू का?" असं विचारलं तर नाही म्हणा.

रीस्टार्ट, शटडाऊन नव्हे

रात्री बंद करून सकाळी चालू केलं म्हणजे रीस्टार्ट झाला असं समजू नका. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. शटडाऊन करताना सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच जसाच्या तसा उचलला जातो. अँटीव्हायरसचे ड्रायव्हर नेमके याच गाभ्यात बसलेले असतात आणि त्यांच्या फायली पुसायचं काम "पुढच्या रीस्टार्टला" म्हणून नोंदवून ठेवलेलं असतं. त्यामुळे जुना काढल्यावर स्टार्ट मेनूतून रीस्टार्टच निवडा. नव्याला "दुसरा अँटीव्हायरस सापडला" असं वाटतं, त्यातले बरेच प्रकार एवढ्यानेच मिटतात.

तारीख आणि बोर्डावरचा सेल

घड्याळ मागे गेलं की तीन गोष्टी एकदम बिघडतात: लायसन्स चुकीच्या मुदतीचं दिसतं, व्हायरस व्याख्यांचं (व्हायरस ओळखायच्या खुणांच्या यादीचं) अपडेट अडतं आणि सुरक्षित साइट उघडत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं की नवा अँटीव्हायरसच खराब निघाला.

तारीख नीट करा, भिंतीवरचं बटण बंद करून पीसी रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी बघा. तारीख पुन्हा काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला आहे. तो सीआर-२०३२ असतो, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या कुठल्याही दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळतो. पॉवर केबल काढून, जुना जसा बसला होता तसाच, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून बसवा. मात्र जुन्या बोर्डांवर सेल काढताना एक धोका आहे. बायोसची (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमची) सेटिंग मूळपदावर जातात आणि त्यात डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारा साटा मोड एएचसीआयवरून आयडीईवर गेला तर विंडोज सुरूच होत नाही. म्हणून सेल काढण्याआधी बायोसमध्ये जाऊन त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लॅपटॉपचा सेल घरी बदलायच्या भानगडीत पडू नका.

पहाऱ्यावर कोण आहे?

स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी शोधून उघडा. तिथे सेटिंग्जमध्ये मॅनेज प्रोव्हायडर्स असा दुवा आहे. अँटीव्हायरस आणि फायरवॉल (नेटवरच्या ये-जेवर पहारा देणारा भाग) म्हणून सध्या कोणाकोणाची नोंद आहे ते त्या पानावर दिसतं. योग्य स्थिती अशी: एकच अँटीव्हायरस चालू, बाकी बंद किंवा यादीतच नाहीत. बाहेरचा अँटीव्हायरस नोंद झाला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो आणि तो काढला की परत येतो. डिफेंडर आधी बंद करायची खटपट करावी लागत नाही.

बाहेरचे दोन चालू दिसले तर संथपणाचं कारण सापडलं. प्रत्येक अँटीव्हायरस फाइल सिस्टीमवर आपला एक गाळणीचा ड्रायव्हर बसवतो. तुम्ही एक्सेलची फाइल उघडलीत की ती आधी एकाकडून तपासून निघते, मग दुसऱ्याकडून. त्यातच एकाने उघडलेली तात्पुरती फाइल दुसरा तपासतो, आणि व्हायरसच्या व्याख्या व क्वारंटाइनमधल्या (संशयित म्हणून कोंडून ठेवलेल्या) फायली एकमेकांना संशयास्पद वाटतात. दोन असले की दुप्पट संरक्षण मिळतं हा समज मोडीत काढावा. दुसरं मत हवंच असेल तर डिफेंडरमधलं पिरिऑडिक स्कॅनिंग चालू करा. तो सतत पहारा न देता अधूनमधून फेरी मारतो.

काढण्यापूर्वी

नव्याचं सेटअप चालवण्याआधी जुना काढायचा, पण त्याआधी:

जुन्याच्या लायसन्सचे दिवस उरले असतील तर की लिहून ठेवा. ती एकाच मशीनपुरती असेल तर त्याच्या खात्यातून हे मशीन मोकळं करा, नाहीतर दुसरीकडे टाकताना "की वापरात आहे" म्हणेल. कार्डावरून पैसे आपोआप कटत असतील तर ते कंपनीच्या खात्यात जाऊन बंद करा. प्रोग्रॅम काढल्याने वर्गणी थांबत नाही. त्याच्या पासवर्ड व्हॉल्टमध्ये बँकेचे पासवर्ड असतील तर ते बाहेर काढून घ्या. क्वारंटाइनमध्ये कामाची फाइल चुकून अडकली आहे का तेही बघा, कारण ती अँटीव्हायरसबरोबर जाते.

दुकानातून डबा आणणार असाल तर नवीन की हवी की रिन्यूअलची, ते आधी सांगा. त्या वेगवेगळ्या असतात आणि रिन्यूअलची की कोऱ्या मशीनवर सहसा चालत नाही. कीवरचा चंदेरी पट्टा नाण्याच्या धारेने जोरात खरडला की अक्षरंच निघून येतात. नखाने हलक्या हाताने काढा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांत गोंधळ होतो, म्हणून पट्टा काढल्याबरोबर फोटो घ्या.

काढणं, मुळासकट

आता खरं काम. सेटिंग्ज, अॅप्स, इन्स्टॉल्ड अॅप्स या यादीत त्या कंपनीच्या नावाने शोधा. एकच नोंद असते असं नाही. मुख्य अँटीव्हायरस, ब्राउझरसाठीचा वेगळा भाग, व्हीपीएन, सफाईचं टूल, कधी कंपनीचा स्वतःचा ब्राउझर, अशा तीन-चार नोंदी निघतात. सगळ्या काढायच्या, मुख्य सगळ्यात शेवटी. ब्राउझरच्या एक्स्टेन्शनच्या यादीतही एकदा डोकावा. ते भाग अॅप्सच्या यादीत दिसत नाहीत.

काढताना पासवर्ड मागितला, तर तो अँटीव्हायरसच्या स्वसंरक्षणाचा असतो. ज्याने तो टाकून दिला त्याने ठेवलेला असू शकतो, त्यालाच विचारा. "लायसन्स आणि अपडेट ठेवू का, की पूर्ण काढू?" असा प्रश्न आला, तर तोच अँटीव्हायरस पुन्हा टाकायचा असेल तरच ठेवा. कंपनी बदलणार असाल तर पूर्ण.

मग रीस्टार्ट. इथवर येऊनही नवा "दुसरा सापडला" म्हणत असेल तर मागे खरकटं राहिलेलं आहे: एखादा ड्रायव्हर, एखादी सर्व्हिस, सिक्युरिटी सेंटरमधली नोंद. हे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, शिरून हाताने उपसायचं नाही. एखादी नोंद चुकीची पुसली गेली आणि तिचा ड्रायव्हर राहिला, तर पुढच्या वेळी विंडोज कोसळल्याचा निळा पडदा दिसतो. त्यासाठी बहुतेक कंपन्या स्वतःचं सफाईचं टूल देतात. मॅकॅफीचं एमसीपीआर, अव्हास्टचं अव्हास्ट क्लिअर, नॉर्टनचं रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल, कॅस्परस्कीचं केएव्हीरिमूव्हर. ईसेटचंही आहे, ते सेफ मोडमध्येच, म्हणजे विंडोज कमीत कमी ड्रायव्हरवर सुरू करून, चालवायचं असतं. नॉर्टनच्या टूलमध्ये अॅडव्हान्स्ड पर्यायांत जाऊन "फक्त काढा" निवडा, नाहीतर ते काढून पुन्हा तोच टाकून देतं. क्विक हील पुण्याचं म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच मशीनवर सापडतं. ते नेहमीच्या मार्गाने निघालं नाही तर टूलसाठी कंपनीच्या सपोर्टलाच विचारा.

टूल फक्त त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यायचं. गूगलवर "अमुक अँटीव्हायरस रिमूव्हल कस्टमर केअर" शोधून वरती येणाऱ्या नंबरवर फोन केलात तर एनीडेस्क (तुमचा पीसी लांबून चालवू देणारा प्रोग्रॅम) टाकायला सांगणारा माणूस भेटतो आणि तिथून आगीतून फुफाट्यात.

सेफ मोड लागलाच तर

शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक करा. पर्यायांचा निळा पडदा येईल, त्यावर ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. मग ४ दाबलं की सेफ मोड. इथे अँटीव्हायरसचे बहुतेक ड्रायव्हर जागे नसतात, त्यामुळे त्यांच्या फायली सुटतात.

नव्या लॅपटॉपवर याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का? असेल तर या वाटेवर मशीन ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतं. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून की खरोखर दिसते याची खात्री करा, कागदावर उतरवा, मगच पुढे जा. खातं दुकानदाराने त्याच्याच ईमेलने बनवलेलं असेल आणि की मिळत नसेल, तर सेफ मोडचा नाद सोडा. की नसेल तर कुलूप पडलेल्या डिस्कवरचे फोटो, हिशेब कुणीही परत काढून देऊ शकत नाही.

खरकटं गेलं का, हे बघायचा एक मार्ग आहे. स्टार्टवर उजवी क्लिक करून टर्मिनल अॅडमिन उघडा, इंग्रजी अक्षरांत एफएलटीएमसी टाइप करून एंटर दाबा. बसलेल्या गाळण्यांची यादी येईल. त्यात डब्ल्यूडीफिल्टर हे नाव डिफेंडरचं, ते असू द्या. बाकीची बरीचशी विंडोजचीच असतात. जुन्या कंपनीच्या नावाची किंवा आद्याक्षरांची ओळ अजून दिसत असेल तर काम अर्धवट आहे. इथे फक्त वाचायचं, काही पुसायचं नाही.

नेट गेलं, किंवा बँकच उघडत नाही

अँटीव्हायरस नेटच्या वाटेवरही बसतो. तो गेला आणि वाट तशीच वळवलेली राहिली, तर वायफाय जोडलेलं दिसतं पण पान उघडत नाही. आधी सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी इथे हाताने भरलेला प्रॉक्सी (नेटच्या वाटेतला मधला सर्व्हर) चालू असेल तर बंद करा. तेवढ्याने भागलं नाही तर त्याच विभागात अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जखाली नेटवर्क रीसेट आहे. तो सगळे नेटवर्कचे जोड काढून नव्याने बसवतो. वायफायचा पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो, तो आधी हाताशी ठेवा.

फक्त बँकेच्या किंवा इन्कम टॅक्सच्या साइटवर तक्रार येत असेल तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा आणि ते कुणी दिलं ते वाचा. तिथे अँटीव्हायरसचं नाव दिसलं, तर तो मधे बसून सुरक्षित पानं स्वतः उघडून तपासतो आहे. ते नाव चालू असलेल्या अँटीव्हायरसचं असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीएस स्कॅनिंग बंद करून बघा. जुन्याचं असेल तर सफाईचं टूल पुन्हा चालवा. दोघांचंही नसेल, कुठलंतरी तिसरंच नाव असेल, तर त्या मशीनवरून बँकेचा व्यवहार करू नका.

जीएसटीचं, टॅक्सचं काम घरून करणाऱ्यांचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन नव्या अँटीव्हायरसनंतर अडतं, त्याचं कारण बहुधा फायरवॉल. सहीचा प्रोग्रॅम त्याच मशीनवर एक छोटा सर्व्हर चालवतो आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. फायरवॉल हे बोलणं अडवतो. पूर्ण फायरवॉल बंद न करता तेवढ्या प्रोग्रॅमला परवानगी द्या. महिन्याच्या २० तारखेला, रिटर्न भरायच्या दिवशीच अँटीव्हायरस बदलायची दुर्बुद्धी मात्र होऊ देऊ नका.

डिफेंडर चालू होत नाही

बाहेरचे सगळे काढले तरी डिफेंडर उठत नसेल तर आधी विंडोज अपडेट पूर्ण करा. सी ड्राइव्हवर निदान १० जीबी मोकळे हवेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल आणि विंडोजने ती जोडणी "मीटर्ड" (मोजक्या डेटाची) धरली असेल तर ते अपडेट आपोआप उतरवत नाही. थोडा वेळ ते सेटिंग बंद करा. मग टर्मिनल अॅडमिनमध्ये एसएफसी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ असं इंग्रजीत टाइप करा. विंडोज स्वतःच्या मोडलेल्या फायली शोधून बदलतं.

"अॅडमिनिस्ट्रेटर सांभाळतो" हा संदेश घरच्या पीसीवर दिसला तर कुणीतरी मुद्दाम डिफेंडर बंद केलेला असतो. बहुतेक वेळा चोरून चालवलेलं विंडोज किंवा ऑफिस "अॅक्टिव्हेट" करणाऱ्या प्रोग्रॅमचे हे उद्योग असतात. तो प्रोग्रॅम पकडला जाऊ नये म्हणून टाकून देणारा माणूस डिफेंडर बंद तरी करतो, नाहीतर अपवादांच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह टाकून मोकळा होतो. विंडोज सिक्युरिटीत मॅनेज सेटिंग्जच्या तळाशी एक्सक्लूजन्स आहेत, ते उघडून बघाच. तिथे अख्खा ड्राइव्ह, डाउनलोड्स किंवा टेम्प फोल्डर असेल तर कुठलाही महागडा अँटीव्हायरस आणलात तरी घर उघडंच होतं असं समजा. त्या नोंदी काढा आणि पूर्ण स्कॅन लावा. चोरीचा अॅक्टिव्हेटर सापडला तर त्याला "अलाऊ" करू नका.

संथपणाचं दुसरं कारण

एकच अँटीव्हायरस आहे, खरकटं नाही, तरी पीसी रांगतो? टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्क बघा. वापर १०० टक्के आणि वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी असेल, तर अँटीव्हायरस बिचारा निमित्तमात्र. जुनी फिरती हार्ड डिस्क दमली आहे. नवा अँटीव्हायरस टाकल्यावर पहिला पूर्ण स्कॅन काही तास चालतो, तेव्हा असं दिसणारच. स्कॅन संपल्यावरही तसंच राहिलं तर क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट टूलमध्ये डिस्कची तब्येत बघा. "कॉशन" किंवा "बॅड" दिसलं की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी फोटो, कागदपत्रं, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब दुसऱ्या डिस्कवर घ्या. तब्येत चांगली असूनही संथ असेल तर अँटीव्हायरसच्या रिन्यूअलचे पैसे एसएसडीत घाला. ४ जीबी रॅमच्या मशीनवर भरगच्च "टोटल सिक्युरिटी" टाकण्यात अर्थ नाही. तिथे डिफेंडर आणि वेळेवर होणारं विंडोज अपडेट पुरे. पैशाचा अँटीव्हायरस मुलांच्या वापरावर लगाम, फोनवरून मदत अशा गोष्टी हव्या असतील तर घ्यावा.

खरंच व्हायरस असेल तर

इतर साइट उघडतात आणि फक्त अँटीव्हायरस कंपन्यांच्या उघडत नाहीत, किंवा सेटअप डबल क्लिक करताच बंद होतं, तर आत कुणीतरी बसलेलं आहे. विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन निवडा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण उठायच्या आत तपासणी होते, साधारण पाव तास लागतो. व्हायरस चालू नसताना त्याला लपता येत नाही, म्हणून हा स्कॅन नेहमीच्यापेक्षा परिणामकारक. वीज जायची शक्यता असेल, म्हणजे पावसाळ्यात संध्याकाळी, यूपीएसशिवाय हे सुरू करू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही सफाईची टूल्स फुकट मिळतात; ते सरकारी केंद्र २०१७ पासून चालू आहे.

यानेही भागलं नाही तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे "विंडोज अपडेट वापरून दुरुस्त करा" असा पर्याय आहे. फायली आणि प्रोग्रॅम जागेवर ठेवून तो विंडोज पुन्हा बसवतो. त्याखालचं "रीसेट धिस पीसी" मात्र फायली ठेवल्या तरी प्रोग्रॅम काढतं: टॅली, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, मराठी टायपिंगचं टूल, सगळं पुन्हा टाकावं लागतं.

विंडोज ७ आणि १०

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यातला डिफेंडर नावाला डिफेंडर. तो फक्त स्पायवेअर बघायचा, पूर्ण अँटीव्हायरस नव्हता. नवे अँटीव्हायरस त्यावर बसत नाहीत याचं एक कारण शा-२ सहीचं (प्रोग्रॅम अस्सल आहे हे पटवणाऱ्या नव्या पद्धतीच्या सहीचं) अपडेट नसणं, दुसरं म्हणजे कंपन्यांनीच सोडून दिलेलं असणं. अशा मशीनवर बँकिंग नको. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या व्याख्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत, पण विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत. त्यासाठीचं वाढीव अपडेट घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्याला नाव नोंदवावं लागतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

- फायलींच्या नावापुढे अनोळखी शेपूट लागलं आहे आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी आहे. हे रॅन्समवेअर. लगेच नेट तोडा, जोडलेली बाहेरची डिस्क काढा. साफ करू नका, फॉरमॅट तर नकोच. चिठ्ठी आणि एक-दोन बिघडलेल्या फायली जपून ठेवा, कारण कोणत्या प्रकारचं आहे हे त्यावरून कळतं.
- खात्यातून पैसे गेले आहेत. बाकी सगळं सोडून आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला. मशीन तसंच ठेवा.
- अँटीव्हायरस काढल्यावर निळा पडदा पुन्हा पुन्हा येतो आणि सेफ मोडही उघडत नाही.
- रिकव्हरी की मागतो आणि ती नाही.
- हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो. प्रत्येक वेळी चालू केल्याने नुकसान वाढतं.
- लॅपटॉप ऑफिसचा आहे. त्यावरचा अँटीव्हायरस काढायचा अधिकार तुमचा नाही, आयटीवाल्यांना कळवा.

दुकानात देताना नुसतं "स्लो आहे" म्हणू नका. जुन्या-नव्या अँटीव्हायरसचं नाव, कधी बदलला, वरच्यापैकी काय करून झालं, एवढं कागदावर लिहून द्या आणि "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही" हे पावतीवर लिहून घ्या. परत आणल्यावर मॅनेज प्रोव्हायडर्स आणि एक्सक्लूजन्स ही दोन पानं त्याच्यासमोरच उघडून बघा. मग आयकार (EICAR) या अँटीव्हायरस क्षेत्रातल्या संस्थेच्या संकेतस्थळावरून ६८ अक्षरांची चाचणीची फाइल उतरवा. ती निरुपद्रवी असते, पण प्रत्येक अँटीव्हायरसने तिला पकडायचं असं ठरलेलं आहे. गुपचूप उतरली, तर पैसे द्यायच्या आधी विचारा.